आहार, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश : नागपूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ज्येष्ठ नागरिक मंडळांमध्ये आहारावर बोलायला जाते. पहिला प्रश्न हमखास बदामाचा असतो. थोड्या वेळानं कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, ‘बाबा आजकाल कुणाशी बोलतच नाहीत, जेवायलाही नको म्हणतात. हा विसरण्याचाच आजार असेल का?’ ताट, मन आणि स्मरणशक्ती हे आपण तीन वेगळे विषय समजतो, पण उतारवयात ते बहुतेक वेळा एकाच माणसात एकमेकांना धरून असतात. म्हणून इथली उत्तरंही एकत्रच दिली आहेत. निदान आणि औषधं मात्र डॉक्टरांकडूनच घ्यायची.

साठी उलटली की विसरायला होतंच. मग काळजी कधी करायची?

एखादं नाव पटकन न आठवणं, किल्ली शोधत बसणं, हे वयाबरोबर वाढतं. त्याला आजार म्हणत नाहीत. रोजची कामं अडायला लागली की मात्र सावध व्हायचं. वर्षानुवर्षं गोकुळपेठ बाजारातून भाजी आणणाऱ्या काकूंना एके दिवशी घराची गल्ली ओळखू येत नाही. पेन्शनचा हिशेब चोख ठेवणारे काका एकच वीजबिल दोनदा भरतात. हातात बसलेल्या वडाभाताचा क्रम चुकतो. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा येतो आणि आपण तो आधी विचारलाय हेही लक्षात नसतं. असं काही महिन्यांत वाढत गेलं तर तपासणी हवीच.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे गप्प बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. भारतातल्या साठीपुढच्या लोकांच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आहे. याचा दुसरा अर्थ असा की शंभरातल्या नव्वदहून जास्त ज्येष्ठांना हा आजार नसतो. ज्याला होतो त्याच्याकडे वयाचं कारण सांगून दुर्लक्ष करणं अन्यायाचं आहे.

नैराश्यामुळे स्मृतिभ्रंश होतो का?

धोका वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली. या सगळ्या जोखमी नाहीशा करता आल्या तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा समितीचा अंदाज आहे. नैराश्य त्या यादीत आहे. एकाकीपणा आहे, कमी ऐकू येणं आहे, आणि २०२४ मध्ये कमी दिसणं आणि वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल ही दोन नव्यानं आली. उतारवयातल्या नैराश्यावरचे अभ्यास एकत्र पाहिले तर स्मृतिभ्रंशाचा धोका दीड ते दोन पट दिसतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं होणाऱ्या प्रकारात तो अडीच पटीपर्यंत जातो.

हे आकडे वाचून घाबरू नका. नैराश्य आलेल्या बहुतेकांना स्मृतिभ्रंश होत नाही.

यात एक गुंता आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा सुमारे २८ वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त मध्यमवयात नैराश्य येऊन गेलेल्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला नाही. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्यात मात्र निदानाच्या साधारण दहा वर्षं आधीपासून उदासी वाढत गेलेली दिसली. म्हणजे म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं नैराश्य काही वेळा स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल असू शकतं. कुणाच्या बाबतीत ते कारण आणि कुणाच्या बाबतीत चाहूल, हे पहिल्या भेटीत सांगणं कठीण असतं. पण दोन्ही परिस्थितींत घरच्यांनी करायचं काम तेच राहतं: उदासीची दखल घ्यायची आणि तपासून घ्यायचं.

शरीरात काय होतं? दीर्घकाळच्या ताणानं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, आणि आठवणी साठवण्याचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला त्याचा त्रास होतो. शरीरातला दाह वाढतो. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर तो मन आणि स्मृती दोन्हींवर एकाच वेळी घाला घालतो. शिवाय उदास माणूस फिरायला जाणं सोडतो, बीपीची गोळी चुकवतो, झोप मोडते आणि जेवण बिघडतं.

स्मृतिभ्रंशापासून वाचवणारा एखादा खास आहार आहे का?

‘हे खा म्हणजे आजार होणार नाही’ असा आहार अजून कुणाला सापडलेला नाही. सर्वांत जास्त बोलबाला झाला तो ‘माइंड’ आहाराचा. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो मांडला. पालेभाज्या, इतर भाज्या, बेरी, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल जास्त घ्यायचं. लोणी, चीज, लाल मांस, तळलेलं आणि गोड कमी. तो काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमरचं (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं, बऱ्यापैकी पाळणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी. बातम्या याच आकड्यांच्या झाल्या. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता, आणि नीट खाणारी माणसं सहसा चालतातही, तंबाखूही टाळतात. पुढे ६०४ लोकांवर तीन वर्षं प्रत्यक्ष प्रयोग झाला आणि त्याचा निकाल २०२३ मध्ये आला. माइंड आहार घेणाऱ्यांची स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी थोडी सुधारली, आणि नेहमीचंच जेवण थोडं कमी प्रमाणात घेणाऱ्यांचीही सुधारली. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

मला जास्त भरवसा वाटतो तो फिनलंडच्या प्रयोगाचा, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ७७ वर्षांच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं. नुसता सल्ला मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली. अमेरिकेत २१११ लोकांवर झालेल्या अशाच प्रयोगाचा निकाल २०२५ मध्ये आला, तोही याच बाजूचा.

लॅन्सेटच्या १४ जोखमींत आहार वेगळा मोजलेला नाही, हे कसं, असं बरेच जण विचारतात. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि एलडीएल या चारही गोष्टी त्या यादीत आहेत, आणि चारही बऱ्याच अंशी आपल्या स्वयंपाकघरात ठरतात.

आहाराचा आणि नैराश्याचा काय संबंध?

हा संबंध दोन्हीकडून आहे, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत मला यापेक्षा महत्त्वाचा दुसरा प्रश्न वाटत नाही.

आधी खाण्याकडून मनाकडे. ऑस्ट्रेलियात ६७ नैराश्यग्रस्तांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, निकाल २०१७ चा. एका गटाला आहारतज्ज्ञांनी जेवण सुधारायला मदत केली, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, दुसऱ्यातल्या ८ टक्क्यांची. प्रयोग लहान होता आणि त्यातली माणसं आपल्या आजी-आजोबांच्या वयाची नव्हती. म्हणून गोळ्या सोडून पालेभाजीवर विसंबा, असं मी कुणाला सांगणार नाही. उपचारासोबत जेवण सुधारलं तर मनाला आधार मिळतो, इतकं यातून घेता येतं.

आता मनाकडून खाण्याकडे. महाल-इतवारीतल्या एखाद्या जुन्या घरात काकू एकट्या राहतात. काका गेले, मुलगा पुण्यात. ‘एका जिवासाठी कुकर कशाला लावायचा?’ म्हणून सकाळी चहा-टोस्ट, दुपारी कालची पोळी चहात बुडवून, रात्री दूध-भात. प्रथिनं नावापुरती, भाजी नाही, साखर मात्र दिवसातून तीन-चारदा. वजन उतरतं. पाय लटपटतात म्हणून देवळात जाणं थांबतं, भजनी मंडळ सुटतं. घरात बोलायला कुणी नाही, त्यामुळे काल काय झालं हे आठवून सांगायची वेळच येत नाही. काही महिन्यांनी मुलगा येतो आणि म्हणतो, आई फार विसरायला लागली. अशा घरांत आजार कुठे सुरू झाला हे शोधत गेलं की आपण बहुतेकदा त्या न लावलेल्या कुकरपाशी येतो.

ज्येष्ठांमधलं नैराश्य बऱ्याचदा डोळ्यांतून वाहत नाही. ‘भूकच नाही लागत’, ‘जेवाले मनच नाही होत’, ‘अंग दुखते’, ‘पोट साफ नाही होत’, ‘झोप नाही लागत’ अशा तक्रारींतून ते बोलतं, आणि आपण पाचक चूर्ण आणून देतो. वयानं भूक थोडी कमी होते, पण नाहीशी होत नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. कारण दातांचं, थायरॉईडचं, एखाद्या गोळीचं, मनाचं किंवा कर्करोगासारखं गंभीरही असू शकतं.

आई जेवायला नको म्हणते. तिला खायला कसं घालायचं?

सोबत बसा. ताट पुढे ठेवून निघून जाणं आणि त्याच ताटाशेजारी आपलं ताट मांडणं, यानं किती फरक पडतो ते आठवडाभर करून पाहा. ‘जेवली नाहीस तर सलाईन लावावं लागेल’ असा धाक घालू नका.

तोंडात काय अडचण आहे ते बघा. सैल कवळी किंवा दुखणारी दाढ असेल तर भाकर, कच्ची काकडी, फुटाणे आपोआप सुटतात आणि मऊ, गोड, पचपचीत तेवढं उरतं. दंतवैद्याची एक भेट कधीकधी टॉनिकच्या दहा बाटल्यांपेक्षा कामाची ठरते.

थोडं, पण भरीव द्या. वयस्कांना वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, असं उतारवयातल्या पोषणाचे बरेच तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधात सहा-सात. वरणाचं पाणी पाजून प्रथिनं मिळत नाहीत. वरण घट्ट हवं. पाटोडी, झुणका, कढी-गोळे, दाण्याचं कूट घातलेली भाजी, दही, मुगाचं धिरडं, हे आपल्याकडचे पदार्थ मऊही आहेत आणि प्रथिनांचेही. सकाळी भूक बरी असते. तेव्हा चहा-बिस्किटावर पोट भरू देऊ नका.

स्वयंपाक करायचं बळच नसेल तर डबा लावा. त्यात कमीपणा नाही. डबा देणाऱ्याला तेल-मीठ कमी ठेवायला सांगा.

बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल एवढं का बोलतात?

कारण ते कमी पडलं तर विसराळूपणा आणि उदासी दोन्ही येऊ शकतात, आणि वेळेत भरून काढलं तर बरंच सुधारतं. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत बी-१२ आणि थायरॉईड बघतात ते यासाठीच.

बी-१२ दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातच भरवशानं मिळतं. शाकाहारी घरात, त्यातही दूध कमी असेल तर, कमतरता सहज होते. वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि खाल्लेल्यातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर त्यात भर पडते. नागपुरात असे किती ज्येष्ठ सापडतील बघा: शाकाहारी, मेटफॉर्मिन सुरू, आणि ॲसिडिटीची गोळी कुणी कधी सुरू केली ते कुणालाच आठवत नाही.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं, चिडचिड आणि विसराळूपणा ही लक्षणं. हिमोग्लोबिन चांगलं असूनही कमतरता असू शकते. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं, म्हणून आधी तपासा. मोड आलेली मटकी, इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांतून बी-१२ मिळतं हा समज चुकीचा आहे.

पातळी चांगली असताना मात्र जास्तीच्या गोळ्यांनी स्मरणशक्ती वाढत नाही.

ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी आणायची का? नागपूरच्या जेवणात काय आहे?

आणायची गरज नाही. त्या परदेशी आहारांचा गाभा म्हणजे पालेभाजी, डाळी-कडधान्यं, अख्खं धान्य, फळं, तेलबिया, आणि साखर-मीठ-तळण कमी. हे सगळं विदर्भाच्या जुन्या ताटात होतंच. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी, उन्हाळ्यात चिवळ. जवसाची चटणी तर आपली खासच. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर असतं. शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलू शकतं, तरी हृदयासाठी आणि पोटासाठी ते चांगलं. जवस भाजून, ताजं कुटून खा, अख्खं न चावता गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. चटणीत मीठ बेतानं घाला. मासे खाणाऱ्या घरांत आठवड्यातून एक-दोनदा मासे व्हावेत, तळून नव्हे, रश्श्यात.

संत्री आंबिया आणि मृग अशा दोन बहारांत येतात. रस काढू नका, फोडी खा. मधुमेह असेल तरी एखादं संत्रं बहुतेकांना चालतं. पेलाभर रसाची गोष्ट वेगळी.

अडचण आपल्या पदार्थांत कमी आणि प्रमाणात जास्त आहे. ज्वारी मागे पडून पांढरा भात आणि मैद्याचे टोस्ट आले. फल्ली (शेंगदाणा) तेलाचा हात सैल झाला. पापड, लोणचं, ठेचा, फरसाण असं चार बाजूंनी मीठ येतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा. तर्री पोहे रविवारी खा. त्यातला हरभरा चांगला, वरचा तवंग थोडा काढून टाका. सावजी रस्सा महिन्यातून एखाद्या वेळी मनापासून खाल्ला तर काही बिघडत नाही.

बदाम, ब्राह्मी, हळद, ओमेगाच्या कॅप्सूल?

मूठभर सुकामेवा चांगला. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे घ्या. हळद रोजच्या भाजीत आहेच. तिच्यातलं कर्क्युमिन शरीरात फार थोडं शोषलं जातं आणि त्यानं स्मृतिभ्रंश टळतो हे सिद्ध झालेलं नाही. ब्राह्मीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तर स्पष्ट म्हटलं आहे की बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगासारखी स्निग्धाम्लं किंवा मिश्र पूरकं स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी देऊ नयेत. मेंदूचं टॉनिक म्हणून दर महिन्याला हजारो रुपये जात असतील तर ते फळं, अंडी आणि कानाच्या यंत्राकडे वळवा.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सोडल्यानं काही फरक पडेल का?

पडेल, आणि खाण्यातही पडेल. सुपारीमुळे तोंड उघडणं हळूहळू कमी होतं, तिखट सोसत नाही, घास चावता येत नाही. तंबाखू भूक मारतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आपल्या भागात कुणाला सांगायला नको. सत्तरीत सोडून काय उपयोग, असं म्हणणाऱ्या काकांना मी सांगते, पुढच्या जेवणाची चव तरी येईल.

आजी चातुर्मासात आणि एकादशीला कडक उपास करते. चालेल का?

श्रद्धेला हात न लावता मार्ग निघतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिरा, भगर, दाणे, दही, दूध, फळं ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असतील तर निर्जळ उपास धोक्याचा आहे. वारंवार साखर फार उतरणं मेंदूलाही मारक आहे. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घ्या.

मे महिन्यात बाबा अचानक असंबद्ध बोलायला लागले. हा स्मृतिभ्रंशच ना?

अचानक, एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ बहुधा डिलिरियम असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची गोष्ट असते. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, ज्येष्ठांना तहान कमी जाणवते, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून ते पाणी टाळतात. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणि सोडियम दोन्ही बिघडतात. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन औषध यांनीही असंच होतं. माणूस कधी खूप बडबडतो, तर कधी नुसता गुंगीत पडून राहतो. दुसरा प्रकार घरचे ‘उन्हानं थकले’ म्हणून सोडून देतात, तो जास्त फसवा. ताक, पन्हं, लिंबूपाणी वेळ ठरवून द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते आधी विचारून ठेवा.

नैराश्य आहे की स्मृतिभ्रंश, घरी ओळखता येतं का?

खात्रीनं नाही, पण काही खुणा आहेत. नैराश्यात माणूस स्वतःच तक्रार करतो, ‘माझं डोकं चालत नाही’. प्रश्न विचारला तर ‘माहीत नाही’ म्हणून सोडून देतो. साधारण केव्हापासून बिघडलं हे घरच्यांना सांगता येतं. स्मृतिभ्रंशात बहुतेकदा तक्रार घरच्यांची असते, माणूस स्वतः ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि चुकीचं का होईना, उत्तर देतो. दोन्ही एकत्रही असतात. नैराश्यानं गेलेली स्मरणशक्ती उपचारानं परतू शकते. तरी परतल्यावरही वर्ष-सहा महिन्यांनी पुन्हा तपासत राहायचं, कारण अशांपैकी काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो.

‘आता जगून काय करायचं’, ‘तुमच्यावर ओझं झालो’ ही वाक्यं म्हातारपणाची सवय म्हणून ऐकून घेऊ नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. माणसाला एकटं सोडू नका, घरातला गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं दूर ठेवा.

नैराश्याच्या गोळ्यांनी डोकं बधिर होतं आणि सवय लागते, खरं का?

आज नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. त्यांनी पडण्याचा आणि विसरण्याचा धोकाही वाढतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. एकदम बंद करू नका. ॲमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधं, खाजेच्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या काही गोळ्या स्मरणशक्तीला जड जातात. नव्या गोळ्यांनी सुरुवातीच्या आठवड्यांत सोडियम उतरू शकतं, म्हणून रक्त तपासतात. गुण यायला चार ते सहा आठवडे, ज्येष्ठांना कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक.

या औषधांनी पुढचा स्मृतिभ्रंश टळतो का, याला अजून पुरेसा आधार नाही. नैराश्यावर उपचार करायचे ते त्या माणसाच्या आजच्या दुःखासाठी.

आम्ही बंगळुरूत, आईबाबा धरमपेठेत. फोनवरून काय बघायचं?

‘जेवलात का?’ विचारलं की ‘हो’ येतं. ‘आज काय शिजवलं?’ विचारा. व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी लावा, ताट दिसेल आणि सोबतही होईल. महिन्यातून एकदा वजन विचारा. घरी गेलात की फ्रीज उघडून खराब झालेलं अन्न, गोळ्यांच्या न संपलेल्या पट्ट्या, सैल झालेले कपडे बघा. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा नंबर घ्या. बदल आधी त्यांच्या लक्षात येतो.

निदान झालंच आहे. आता आहाराचा उपयोग आहे का?

आजार उलटत नाही, पण वजन टिकवणं, पाणी, बद्धकोष्ठता आणि ठसका या रोजच्या लढाया आहारानंच लढायच्या असतात. एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा, हातात धरून खाता येईल असं द्या, टीव्ही बंद करा. या टप्प्यावर गोड-तुपाचे कडक नियम थोडे सैल करायला हरकत नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलून. स्मृतिभ्रंशातही नैराश्य येतं आणि त्यावरही उपचार असतात.

नागपुरात कुठे दाखवायचं?

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. ते रक्त, साखर, थायरॉईड, बी-१२, सोडियम बघतील आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. सरकारी सेवेत मेडिकल आणि मेयो ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

जाताना सगळ्या औषधांची पिशवी न्या, काढे, चूर्ण आणि झोपेची गोळी धरून. आठवडाभर काय खाल्लं ते एका कागदावर लिहा, जुनी वजनं आठवत असतील तर तीही. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी विसरू नका. सोबत तो जावा जो ज्येष्ठांबरोबर रोज राहतो, आणि डॉक्टरांना सांगून ज्येष्ठांना पाच मिनिटं एकट्यानं बोलू द्या. घरच्यांसमोर ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्या तिथे निघू शकतात.